धुतलेले बटाटे

“मामाजी, पाहा कसे चकचकीत झाले!”

पुष्पाने ओले हात पदराला पुसत अंगणाकडे बोट दाखवलं तसा सासरा कडूबा लगबगीने बाहेर आला. नव्या सुनेने साठवणीचे सगळे बटाटे विहिरीवर नेऊन धुतले होते.

पोर वरवट बकालची. माहेरी नुसती कपाशी आणि ज्वारी. भाजी धुतली की मोताळ्याच्या बाजारात लवकर उठते, एवढं ती सासरी येऊन शिकली होती. पण ठेवणीचा बटाटा मातीसकट ठेवायचा, ओल लागली की सडतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. माळ्याच्या घरात असलं काही सांगावं लागतं, हेच कोणाला सुचलं नाही.

आणि हे बटाटे म्हणजे कडूबाचा जीव की प्राण. बऱ्हाणपूरहून आणलेलं उशिरा पिकणारं, पण भर उन्हाळ्यातही टिकणारं बियाणं. साऱ्या गावाने बटाटे काढून विकले, तरी याचे होळीपर्यंत जमिनीतच.

“नागपूरचा लाटसाहेब आल्यावर काढशीन काय बे?” शेजारचा मोतीराम चिडवायचा.

“जेठात जेवाले ये. याचीच भाजी खाऊ घालतो तुले,” कडूबा ऐटीत म्हणायचा.

पुष्पाचा चेहरा उतरला. “चुकलं काय माह्यं?”

“काही नाही माय. सावलीत वाळू घालू, झालं.”

बायको सत्यभामाबाई तोंड उघडणार, तोच त्याने तिला डोळ्यांनी दटावलं. तिघांनी बटाटे पुसले, कडुनिंबाखाली पसरले, मग कोरड्या वाळूत थर लावले. पण व्हायचं ते झालंच. चैत्रात घरभर वास सुटला. सून उठायच्या आत कडूबा सडके बटाटे उकिरड्यावर टाकून यायचा. ती जागी असायची, हे त्या भल्या माणसाला कुठे ठाऊक!

ज्येष्ठात लेक शालू माहेरी आली. मोतीरामही पंगतीला बसला. भाजी झकास झाली होती, पण पानावर फोडी दोन-दोनच.

“एवढेच उरले?” मोतीराम हसला. “म्या म्हनलं नव्हतं? तुह्या बटाट्यात दमच नाही!”

चुलीपाशी पुष्पाचा हात थांबला. “मोतीरामबुवा, ते तर म्याच...”

“हाव बे,” कडूबा घाईने म्हणाला, “बियाणंच खराब निघालं.”

मोतीरामला आभाळ ठेंगणं झालं. सत्यभामाबाई नवऱ्याकडे पाहतच राहिली. त्या बियाण्याला कोणी नावं ठेवली तर हा माणूस दोन दिवस बोलायचा नाही.

पुष्पा खाली मान घालून आली आणि तळाशी उरलेल्या फोडी सासऱ्याला वाढू लागली. त्याने पानावर हात आडवा धरला.

“राहू दे. तू कुठं जेवली अजून?”

आणि मिरचीच्या ठेच्याशी भाकरी मोडून तो मजेत जेवू लागला.