ढगातून चालेल का?

मी फक्त "चालेल" म्हणाले होते. तेही तुंबलेल्या बेसिनच्या पाइपात तार खुपसत, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरून. धाकट्या भावाने दोन गोष्टी विचारल्या. पहिली मी नीट ऐकली: रविवारी जेवायला आलो तर चालेल का? दुसरी नळाच्या आवाजात वाहून गेली. मला वाटलं, जेवणाचंच काहीतरी शेपूट असेल. "चालेल रे, चालेल, त्यात काय विचारायचं!" म्हणून मी मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींचा फोन आला. "ताई, अभिनंदन! ढगातून उडायला हो म्हणालात म्हणे. आमचे साहेब सकाळपासून शीळ घालतायत." तेव्हा कळलं, नळाच्या आवाजात वाहून गेलेला दुसरा प्रश्न कोणता होता.

हा भाऊ लहानपणापासून एका जागी बसला नाही. पायाला भिंगरी, म्हणून घरात त्याचं नावच भिंगरी. मोठेपणी त्याने ती भिंगरी पायातून काढून डोक्यावर बसवली, म्हणजे स्वतःच्या हाताने दोन माणसांचं जायरोकॉप्टर बांधलं. आणि मी नोकरी करते ती नेमकी नव्या उडणाऱ्या यंत्रांची तपासणी करणाऱ्या कार्यालयात. दुसऱ्या कुणाच्या बहिणीचं "चालेल" हे नुसतं चालेल असतं. माझं चालेल म्हणजे शिक्का.

त्याला घाई होती, आणि ती खोटी नव्हती. माझी भावजय डोंगरापलीकडच्या इस्पितळात नर्स आहे आणि तिचे दिवस भरत आले होते. रस्त्याने डोंगराला वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडतो, जायरोने तासाभरात पोचता येतं. पण डोंगराच्या माथ्यावर ढग ठाण मांडून बसतात, आणि बाहेरचं स्वच्छ दिसत असेल तरच जायरो उडवायची मुभा. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हाही ढग होता. ती पलीकडे एकटी, हा अलीकडे वर्कशॉपमध्ये. त्यानंतर त्याने तिला शब्द दिला होता की पुढच्या वेळी काहीही झालं तरी मी तिथे असेन. म्हणून त्याला ढगातून जायची परवानगी हवी होती: बाहेर काही दिसत नसताना फक्त समोरच्या उपकरणांवर विसंबून उडायची.

मी तडक ऑफिस गाठलं. आमच्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत विमानं बघणारे बसतात, ते पंखवाले. दुसरीत हेलिकॉप्टर बघणारे, ते पंखेवाले. नवीन शिपाई पहिला महिनाभर फायली चुकीच्या खोलीत टाकतो आणि दोन्हीकडून बोलणी खातो.

"जायरोला डोक्यावर पंखा आहे ना?" पंखवाले म्हणाले. "मग तिकडे न्या."

"पंखा आहे, पण इंजिन तो फिरवतं का?" पंखेवाले म्हणाले. "नाही. इंजिन मागून नुसतं ढकलतं आणि वरचा पंखा वाऱ्यावर आपोआप फिरतो. हे आमच्यात बसत नाही, ताई. तिकडे न्या."

मी दोन्ही दारांच्या मध्ये उभी राहिले. माझाच त्रिशंकू झाला.

नियम काढून बसले. जायरो उडवावं कसं, बांधावं कसं, सगळं होतं. ढगातून न्यावं की नाही, यावर एक अवाक्षर नाही. आता कुणी नाही म्हटलेलं नाही म्हणजे हो, की कुणी हो म्हटलेलं नाही म्हणजे नाही? पंखवाल्यांतल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "फार गुणी यंत्र आहे. इंजिन बंद पडलं तरी पंख असलेली बी झाडावरून गरगरत खाली येते तसं अलगद उतरतं. वेग कमी झाला म्हणून विमानासारखं आदळत नाही. पण." आणि चहा प्यायला लागला.

"पण काय?"

"पण वरच्या पंख्यावर यंत्राचं वजन सतत लटकलेलं पाहिजे. ढगात माणसाचे कान खोटं बोलतात. आपण वर चाललोय असं वाटतं आणि यंत्राचं नाक खाली आणायला माणूस हातातला दांडा पुढे ढकलतो. जोरात ढकलला की सगळं क्षणभर हलकं होतं आणि पंखा मंदावतो. मग तो परत वेग घेईलच असं नाही."

"म्हणजे अयोग्य."

"तसं कुठे म्हणालो? चांगली मोठी शेपटी असेल तर यंत्र आपलं आपण सावरतं म्हणतात. काही म्हणतात, नाही सावरत."

डोक्याचा पार भुगा झाला. माझ्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "हो लिहा नाहीतर नाही लिहा. 'बघू' असा शेरा आपल्याकडे नसतो."

रविवारी भिंगरी जेवायला आला नाही. मीच वर्कशॉपवर गेले. त्याने जायरोच्या केबिनचं दार उघडून दाखवलं. समोरची पाटी गच्च भरलेली: उंची, वेग, दिशा, आडवं क्षितिज दाखवणारा पडदा, त्याच्या शेजारी पहिला बिघडला तर दुसरा.

"सगळी उपकरणं बसवलीत," तो म्हणाला. "मग उपकरणांवर का उडायचं नाही?"

"चष्मा घेतला म्हणून वाचता येत नाही."

"मला वाचता येतं. तू एकदा हो म्हणाली आहेस."

"अरे, मी जेवणाला हो म्हणाले होते!"

त्याने केबिनचं दार लावलं. मग म्हणाला, "मी तिला कळवून टाकलं, ताई. ताई चालेल म्हणाली, आता ढग असो नाहीतर धोंडे पडोत, मी येतो. किती दिवसांनी ती फोनवर हसली." मला त्याचा भयंकर राग आला आणि तितकंच रडू आलं. मी ध चा मा केला नव्हता. पण झाल्यासारखंच झालं होतं.

शेवटी म्हटलं, चल, उडूनच बघू. आभाळ निरभ्र होतं. त्याच्या डोळ्यांवर झापड बांधली. घोड्याला बांधतात तसलाच प्रकार, फक्त उलटा: बाहेरचं काही दिसत नाही, समोरची पाटी तेवढी दिसते. मी मागच्या सीटवर; तपासणीच्या नोकरीत मलाही उडवता यावं लागतं, म्हणून माझ्याही हातात दांडा. त्याने सुरेख उडवलं. वळला, चढला, उतरला, सांगेन त्या उंचीवर काटा बरोबर थांबला. मला वाटलं, योग्य. लिहून टाकावं.

मग मी म्हणाले, "आता नकाशा उघड आणि पलीकडच्या धावपट्टीची उंची सांग. रेडिओचा आकडाही बदल."

ढगात हेच तर करावं लागतं. तिथे कुणी नुसता दांडा धरून बसत नाही. त्याने नकाशा उलगडला, मान खाली घातली. जायरो हळूच कलायला लागलं. त्याने मान वर केली, काहीतरी भलतंच वाटलं असावं, आणि दांडा पुढे ढकलला. सीटवरून मी वर उचलले गेले, पट्ट्याने खांदे धरले. वरच्या पंख्याचा आवाज पातळ झाला. मी दांडा अलगद मागे ओढला. वजन परत आलं, आवाज परत आला.

"परत," तो म्हणाला.

परत केलं. या खेपेला त्याने नकाशा वाचला, आकडा बदलला, उंची सांगितली आणि जायरो रेषेत राहिलं. तिसऱ्यांदा किंचित डगमगलं. मग झापड मी बांधली, आणि मी तर त्याच्याहून वाईट उडवलं. खाली उतरलो तेव्हा दोघांचेही शर्ट घामाने चिकटले होते.

"सांग," तो म्हणाला. "हो की नाही?"

"एकदा हो, एकदा नाही, एकदा अर्धं. यंत्र चुकलं की तू, की मी तुला चुकीच्या वेळी नकाशा उघडायला लावला, मला काही कळत नाही रे. खरंच कळत नाही."

"म्हणजे नाही असं तर नाही."

"हो असंही नाही."

ऑफिसात मी कागद कोराच ठेवला. साहेब रोज विचारत. मी म्हणे, विचार चालू आहे. पंखवाले आणि पंखेवाले मला बघून आपापल्या खोलीत शिरत.

आणि मग एका सकाळी फोन आला. या वेळी नळ बंद होता. माझ्या हातात काही नव्हतं.

"ताई, तिला कळा सुरू झाल्यात. डोंगरावर ढग आहे. मी जायरोत बसलोय." मागे इंजिन सुरू होतं. "चालेल?"

उत्तर मला तेव्हाही माहीत नव्हतं. पंखवाल्या म्हाताऱ्याचं ते "पण" आठवलं, आणि तो पातळ झालेला आवाज. भावजयीचं हसणं मी ऐकलं नव्हतं, तरी तेही आठवलं. इकडे आड तिकडे विहीर. मला एवढंच ठाऊक होतं की मी काय म्हणेन तेच तो करणार.

"नाही चालणार," मी म्हणाले. "खाली उतर. मी गाडी काढते."

त्याला वर्कशॉपवरून गाडीत घेतलं. वळणांमागून वळणं गेली. अर्ध्या वाटेत एका वळणावर समोर डोंगर आला, आणि त्याच्यावर ढगाचा मागमूस नव्हता. लख्ख ऊन. ढग केव्हाच विरला होता. भिंगरी काचेतून वर बघत राहिला. मीही बघितलं आणि गाडी चालवत राहिले.

"मी मनात तुला शिव्या देतोय," पुढच्या वळणावर तो म्हणाला.

"दे. मीही देतेय."

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. भावजय पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजली होती. शेजारच्या पाळण्यात मुलगा होता, लालबुंद, मुठी आवळलेला. चाहूल लागताच ती वळली.

"याही वेळी एकटीच होते," ती त्याला म्हणाली. "पण या वेळी हा रडला."

भिंगरी तिच्या पायाशी बसला आणि ढसाढसा रडला. मग तिने माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही आधी हो म्हणाला होतात ना? मग ढगातून आलं असतं का ते यंत्र?"

"माहीत नाही गं," मी म्हणाले. "अजूनही माहीत नाही."

तिला राग आला होता की सुटल्यासारखं वाटत होतं, तेही मला कळलं नाही. तिने पाळण्याकडे हात केला, "घे त्याला," असं नवऱ्याला म्हणाली.

भिंगरीने डोळे पुसले. ज्याने अख्खं यंत्र नटबोल्टांपासून जुळवलं, त्याला हे एवढंसं उचलता येईना. एक हात पाठीखाली घातला, मान लोंबायला लागली, तो घाबरून थांबला. मग दुसरा हात मानेखाली सरकवला आणि मुलाला छातीशी धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. श्वासही घेत नव्हता.

"ताई," तो कुजबुजला. "असं चालेल?"

मी जवळ गेले. मान बघितली, पाठ बघितली, त्याची बोटं कुठे आहेत ते बघितलं. परत एकदा मान बघितली.

"चालेल," मी म्हणाले.