पंधराच्या आत

संयोगितानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, डाव्या हातानं एका मिनिटात सतरा ठोकळे उचलले. घरात कुणी टाळी वाजवली नाही, पेढे आणले नाहीत. उलट हे घडलंच नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मीही घरातलाच असल्यामुळं ते घडलं नाही असं धरून पहिल्यापासून सांगतो.

संयोगिता बारा वर्षांची. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं, डावा पाय थोडा ओढत चालतो, आणि डाव्या हाताची मूठ मिटलेली असते. उघडायची तर उजव्या हातानं एकेक बोट सोडवावं लागतं. तिची मागणी एकच. स्वतःची वेणी स्वतः घालायची. सध्या वेणी आई घालते, आणि आई दावं वळल्यासारखी घालते. दिवसभर भुवया वर ओढलेल्या राहतात. शाळेच्या प्रत्येक फोटोत संयोगिताला नुकताच धक्का बसलेला दिसतो.

सांगलीच्या एका हॉस्पिटलात अशा मुलांच्या हातांवर अभ्यास निघाला होता. मानेच्या मागं, मणक्यावर चिकटपट्ट्या लावायच्या, त्यातून बारीक करंट सोडायचा आणि करंट चालू असतानाच हाताचा व्यायाम घ्यायचा. सुई नाही, ऑपरेशन नाही. आठ आठवडे.

"नुसत्या करंटनं काही होत नाही हं," डॉक्टर रेश्मा मॅडम फोनवर म्हणाल्या. "व्यायामाच्या जोडीला दिला तर मेंदूचा निरोप हाताला नीट पोचतो का, ते आम्ही बघतोय. त्याआधी निवड चाचणी होईल. एक पेटी, मधे फळी. मिनिटभरात इकडचे ठोकळे तिकडं टाकायचे. निवडीची अट अशी आहे की..."

अट काय ते कुणाला कळलं नाही, कारण आजोबांनी फोन ठेवला होता आणि ते सुताराकडं निघाले होते.

आमचं गाव साताऱ्याकडचं. घरटी एक माणूस फौजेत. आजोबा स्वतः सुभेदार नाथाजी, निवृत्त. निवड म्हटल्यावर इथं एकच गोष्ट समजतात आणि तिची तयारी पहाटे पाचला सुरू होते.

तिसऱ्या दिवशी पेटी आणि दीडशे ठोकळे हजर. सगळं सागवानी. आमच्या देवघराला आंब्याची फळी आहे.

"संयोगिता, सावधान! डावा हात, ठोकळ्यावर! दौड के चल!"

दौड के चल म्हणजे पळत सुटायचं. फौजेत अख्खी तुकडी पळते, आमच्या अंगणात पाच बोटं पळायची. शेजारच्या तानुबाई डझनभर केळी घेऊन आल्या.

"पोरगी भरतीला चाललीया म्हणं."

"आवं आजी, ठोकळं उचलायचं हायती," मी म्हणालो.

"मग वजन नगं व्हय भरायला?"

दोन महिन्यांत सहाचे एकवीस झाले. फक्त एक अडचण होती. बोटं एकदम उघडायची आणि एकदम मिटायची, पलटणीसारखी. ठोकळ्याला ते चालतं. वेणीला एकेक बोट सुटं लागतं. संयोगिता रोज आरशासमोर बसायची, तीन पेड करायची, आणि डावा हात तिन्ही पेड एकाच मुठीत धरून बसायचा.

सांगलीत तिनं एकवीस ठोकळे टाकले. आजोबांनी मिशीला हात लावला. मॅडमनी चष्मा काढला.

"आम्ही पंधराच्या आतली मुलं घेतोय. हात इतका चालत असेल तर पुढचा फरक आमच्या मोजणीत दिसणार नाही."

"म्हंजे?" आजोबा म्हणाले.

"म्हणजे हिला घेता येणार नाही."

"पर ती पास झाली!"

"म्हणूनच."

आजोबांनी युद्धं बघितलीत, बर्फ बघितलाय, कँटीनची रांग बघितलीय. असं काही त्यांनी बघितलं नव्हतं.

संयोगिता रडली नाही. तिनं रिबीन सोडली, केसांचे तीन पेड केले आणि डावा हात पुढं केला. हातानं तिन्ही पेड गच्च धरले. "ह्ये मोजा की," ती म्हणाली.

मॅडमनी त्या मुठीतून एकेक पेड सोडवून बघितला. मग म्हणाल्या, "दीड महिना ठोकळ्यांचा सराव पूर्ण बंद. मग एकदा परत मोजू. पंधराच्या आत आले तर घेते."

 येताना एसटीत, कराडला, आजोबांनी विषय काढला.

"नापास कसं व्हायाचं, ह्ये आपल्या घरात कुणाला ठावं हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भरतीला तीनदा अनफिट झालोय. एकदा छाती कमी पडली, एकदा दम कमी पडला, आणि तिसऱ्यांदा मी भलत्याच तारखेला गेलो. त्यामुळं मार्गदर्शक म्हणून माझी एकमतानं नेमणूक झाली. घरात मला मिळालेली ही पहिली नेमणूक.

मॅडमनी फक्त सराव बंद ठेवायला सांगितलं होतं. बाकीचा अभ्यासक्रम माझा.

"ठोकळा उचललास की त्याच्याकडं बघायचं. कुठल्या झाडाचा असंल, असा इचार करायचा."

"पळताना तू असाच इचार करत हुतास व्हय, दादा?"

"व्हय."

"म्हंजे मुद्दाम नापास झालास?"

"न्हाई."

तिनं वर बघितलं. एवढ्या दयेनं माझ्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी आजोबांनी न बोलण्याची शपथ घेतली आणि खबरदारी म्हणून टॉवेलचं टोक तोंडात धरलं. आम्ही काचेबाहेरच्या बाकावर बसलो. संयोगितानं सुरुवात उत्तम केली, म्हणजे वाईट केली. पंचेचाळीस सेकंदांत अकरा. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. तेवढ्यात तिच्या बोटांतून एक ठोकळा निसटला, घरंगळत गेला आणि शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा फिदीफिदी हसला.

टॉवेल खाली पडलेला मी बघितला. पुढचं थांबवायला वेळ नव्हता.

"संयोगिता! दौड के चल!"

कॉरिडॉरमधले दोन वॉर्डबॉय पळत सुटले. एका पेशंटनं काठी टाकली. आणि तो हात, दीड महिना रजेवर असलेला हात, सुभेदाराच्या हुकमावर सुटला. बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा.

मॅडमनी घड्याळ बंद केलं. "पुढची निवड सहा महिन्यांनी. चाचणी हीच, अट हीच," एवढंच म्हणाल्या.

आजोबा टॉवेल उचलून घडी घालत बसले. चार घड्या झाल्या तरी घालतच होते. "बघवंना गं माझ्यानं," ते म्हणाले. "त्ये पोरगं हसलं."

"आबा," संयोगिता त्यांच्या शेजारी बसत म्हणाली, "तुमी जिकलासा. माझी वेणी ऱ्हायली."

त्यावर घरात आठ दिवस विचार झाला. मग मी अर्ज लिहिला. तो असा:

प्रति, मा. जिल्हादंडाधिकारी, सांगली. महोदय, वरील कारणास्तव, पुढील निवड चाचणीच्या दिवशी सकाळी सहा ते सायंकाळी सहा या वेळेत सुभेदार नाथाजी (निवृत्त), वय एकोणऐंशी, यांना सांगली जिल्ह्याच्या हद्दीतून तडीपार करण्यात यावे. सदर इसमाची यास लेखी संमती असून त्यांनी खाली सही केली आहे. तथापि सदर इसमाचा आवाज विचारात घेता, तडीपारीची हद्द सातारा, सोलापूर व कोल्हापूर या जिल्ह्यांपर्यंत आणि शेजारील राज्य शासनाची हरकत नसल्यास बेळगावपर्यंत वाढवण्यात यावी, ही नम्र विनंती.