अकरा तुटकी पाती

बाबांचं उडवणं मी बंद केलं. आईने नाही, डॉक्टरांनी नाही, मी. आणि बंद करण्यापूर्वी त्यांना उडवताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. छत्तीस वर्षं तेच काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी रिमोटवर चालणारं एक छोटं हेलिकॉप्टर घेतलं. ते शाळेच्या छपरावर जाऊन बसलं आणि परत आलं नाही. मग मोबाइलवर चालणारा चार पंख्यांचा ड्रोन आणला. तो चतुर किड्यासारखा हवेत एका जागी थरथरत उभा राहायचा म्हणून त्याचं नाव चतुर. आई म्हणायची, "जन्मभर लोकांना वरखाली केलं, तरी हौस फिटली नाही." त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं. "लिफ्टला दोर असतो गं. याला काहीच नाही. मजा तिथेच आहे."

दर रविवारी सकाळी ते आणि मागच्या गल्लीतले टेलरकाका शाळेच्या मैदानावर जायचे. मी आठ तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात. वर्षातून दोनदा यायचे आणि रविवारी सकाळी एक तर झोपलेली असायचे, नाही तर बॅग भरत असायचे. बाबा दाराशी बूट घालताना विचारायचे, "येतेस का?" मी म्हणायचे, "पुढच्या वेळी नक्की."

एकदा मात्र त्यांनी चतुर बाहेरच्या खोलीतच उडवायला काढला. मागच्या वर्षीची गोष्ट. मोबाइल माझ्या हातात दिला. स्क्रीनवर दोन गोल. डाव्या गोलावर अंगठा वर सरकवला की चतुर वर जायचा, उजव्या गोलाने पुढे, मागे, बाजूला. मी डावखुरी. नेमकं नाजूक काम सगळं उजव्या अंगठ्याकडे. चतुर उठला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि सरळ खिडकीच्या पडद्यात घुसला. धाकटा भाऊ सोफ्यावर लोळून हसला. "ताई, तू कधी बस चालवायला घेऊ नकोस बरं का."

घरात मला सगळे ताईच म्हणतात, आईबाबासुद्धा.

"मला नाही जमायचं," मी मोबाइल परत देत म्हणाले. "माझे हात उलटे चालतात."

"हं," बाबा म्हणाले आणि पडद्याचा धागा पंख्यातून सोडवत बसले.

त्यानंतर चार महिन्यांनी मी आले तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत तुटलेली पाती. मी मोजली, अकरा होती. आईला विचारलं तर म्हणाली, "हल्ली रोज उडवायला जातात आणि रोज पाडतात. आधी वर्षभरात एक तुटलं नव्हतं. टेलर पण म्हणत होता, हात राहिला नाही आता."

अकरा पाती आणि शहात्तर वय. मी हिशेब पटकन जुळवला. दुसऱ्या दिवशी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बोट नाकाला लावायला सांगितलं, रेषेवरून चालायला सांगितलं. बाबांनी सगळं नीट केलं, वर डॉक्टरांना विचारलं, "तुमच्या लिफ्टचं दार घासतंय, माहीत आहे का?" डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. माझं समाधान झालं नाही. घरी येऊन मी म्हटलं, "बाबा, आता पुरे. कुणाच्या मुलाच्या डोळ्यात गेलं तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगतील असं वाटलं. मग "बरं" म्हणाले आणि चतुर, त्याचा जुना मोबाइल, बॅटऱ्या, डबा, सगळं खोक्यात भरून खोकं माझ्या हातात दिलं. ते मी स्वतः माळ्यावर टाकलं.

पाच महिन्यांनी, दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता, ते गेले. हृदय. मेंदूचा काही संबंध नव्हता.

दीड महिन्यानंतर मी माळा आवरायला आले. खोकं खाली काढलं तेव्हा आई म्हणाली, "ते टेलरला देऊन टाक. मला घरात बघवत नाही." मी मोबाइल आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. चालू स्थितीत द्यावं, एवढंच मनात होतं.

रविवारी सकाळी टेलरकाका मैदानावर आधीच येऊन उभे होते. गळ्यात टेप तसाच, काढायला विसरले असावेत. खोकं घेण्याऐवजी त्यांनी हात मागे बांधले.

"आधी तू उडव."

"काका, मला नाही येत."

"मला तरी कुठे येत होतं? तुझ्या बापाने शिकवलं. शिव्या घालून शिकवलं. बस इथे खाली, उभ्याने सुरुवातीला घाबरायला होतं."

मी शाळेच्या पायरीवर बसले. समोर गवतात चतुर ठेवला. मोबाइलवर ॲप उघडलं, दोन गोल आले.

"डावा अंगठा वर सरकव. हळू. बाटलीचं झाकण फिरवतो तसं नाही, झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करतो तसं."

मी डावा अंगठा सरकवला. चतुर वर गेला नाही. पुढे झुकला, गवतात नाक खुपसून घरघरला आणि बंद पडला.

"डावा म्हटलं मी."

"डावाच आहे हा, काका."

"दाखव." त्यांनी वाकून पाहिलं. "पुन्हा कर."

पुन्हा तेच. बिघडलाय, मला वाटलं. माळ्यावर साडेसहा महिने पडून होता. मोबाइल काकांना द्यायला गेले तेव्हा उजवा अंगठा चुकून दुसऱ्या गोलाला लागला आणि चतुर गवतातून सरळ उठला. कमरेइतका. मी दचकून हात काढला, तो खाली आला.

मी सेटिंगमध्ये गेले. तिथे दोन नावं होती. एक 'मी'. दुसरं 'ताई'. 'ताई'वर खूण होती. आत एकच ओळ बदललेली: डावा गोल आणि उजवा गोल, अदलाबदल. वर नेणं उजवीकडे, नाजूक काम सगळं डावीकडे. आणि उंचीची मर्यादा चार मीटर, नवशिक्याला असावी तशी.

खाली तारखा होत्या. 'मी' शेवटचं वापरलं होतं ते पडद्याच्या त्या प्रसंगानंतर आठ दिवसांनी. त्यानंतर रोज फक्त 'ताई'. शेवटची तारीख, मी खोकं माळ्यावर टाकलं त्याच्या आदल्या दिवसाची.

"अरे देवा," काका म्हणाले. पायरीवर माझ्या शेजारी बसले. टेप गळ्यातून काढून बोटांना गुंडाळू लागले. "मी त्याला म्हणायचो, म्हाताऱ्या, हात गेला तुझा. तो म्हणायचा, हात आहे रे, अदलाबदल झालीय. मला वाटायचं थट्टा करतोय."

"आणखी काय म्हणायचे?"

"म्हणायचा, दुसऱ्याला शिकवायचं तर आपल्याला त्याच्यासारखं यायला हवं. मला वाटलं, माझ्याबद्दल बोलतोय. मी नाराज झालो होतो थोडा."

शाळेत असताना माझ्या बाईंनी माझ्या डाव्या हातावर पट्टी मारली होती. बाबा त्यावर घरात काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा डावीकडून उजवीकडे गेला होता. म्हणजे लिहिताना हाताची सावली पडणार नाही. मग कपाटाची कडी बदलली. मग टेलरकाकांना सांगून डावखुऱ्यांची कात्री मागवली. कुठलीही गोष्ट त्यांनी सांगून केली नाही. मला कितीतरी वर्षं वाटायचं, सगळ्यांच्याच घरी दिवा उजवीकडे असतो.

"पण मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "डॉक्टरांकडे नेलं तेव्हा तरी? मी समोर उभं राहून 'पुरे' म्हटलं तेव्हा? एक वाक्य पुरलं असतं."

काकांनी टेप उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"तुला शिकवायला शिकतोय, असं सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

मला उत्तर माहीत होतं. ते दारात, बूट घालताना, त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं.

"उडव," काका म्हणाले. "बॅटरी सात मिनिटंच चालते."

मी उजवा अंगठा वर सरकवला. चतुर उठला. डाव्या अंगठ्याने त्याला डावीकडे नेलं, उजवीकडे आणलं. हात आपसूक चालले. पुढे नेला, थांबवला. चार मीटरला तो टेकला, वर कुणी तळवा धरल्यासारखा. मी अंगठा आणखी सरकवला तरी हटला नाही. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांच्या खाली, एका जागी थरथरत राहिला. मी एकदाही पाडला नाही. मला ते इतकं सोपं जात होतं की सहन होईना.

मी तो खाली उतरवला आणि मोबाइल काकांपुढे धरला. "आता तुम्ही. असाच, सेटिंग न बदलता."

"मला नाही जमणार. सगळं उलटं आहे."

"म्हणूनच."

त्यांनी चष्मा सारखा केला. चतुर उठला, आणि लगेच काकांचा डावा अंगठा सवयीने वर गेला. चतुर पुढे सुसाटला. "अरे अरे अरे," म्हणत त्यांनी उजवा ओढला, तो वेडावाकडा वळला, गिरकी घेतली, जिवाच्या आकांताने वर चढला आणि भिंतीपाशी गवतात आपटला. खट्ट आवाज आला.

काका हसत सुटले. हसता हसता डोळे पुसले. "अगदी असाच. शपथ. असाच पाडायचा तो. मग कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, हं."

मी धावत गेले. एक पातं मुळाशी तुटलं होतं. ते मी खिशात घातलं, खोक्यातल्या पुडक्यातून नवं काढलं आणि बसवलं. बाबांनी पुडकी भरपूर आणून ठेवली होती. अजून बरंच पडायचंय, असा त्यांचा अंदाज असावा. दुसरी बॅटरी लावली. चतुर पुन्हा गवतात ठेवला आणि पायरीवर येऊन बसले, जिथून सगळं मैदान दिसतं तिथे.

"काका," मी म्हटलं, "परत एकदा पाडा ना."