मधाच्या बाटलीची साक्ष

मी एक बाटली बोलतेय. पण जवळ येण्याआधी माझे झाकण घट्ट आहे का, ते पाहून घ्या. आणि माझ्यात अमुकच आहे असे कुणी सांगितले, तर लगेच मान्य करू नका. मी स्वतःसुद्धा करत नाही. माझ्या पोटात आजवर जे जे ओतले गेले, त्यातले बरेचसे सांगितले एक आणि निघाले दुसरेच.

कुठल्या भट्टीत माझी काच वितळली, मला ठाऊक नाही. माझे तोंड रुंद, खांदे गोल आणि झाकण लाल पत्र्याचे. सुरुवातीला माझ्यात आंब्याचे लोणचे होते. ते संपल्यावर अंगावरचा कागद भिजवून खरवडला गेला आणि नवेगाव बांधच्या रुख्माबाईने मला घरात ठेवून घेतले.

रुख्माबाईचा मुलगा नंदलाल तलावात जाळे टाकतो. विकून उरलेल्या मासोळ्या रुख्माबाई मीठ-हळद चोळून ठेवते. तिच्या हातची मासोळी बिघडत नाही, असे सगळी आळी म्हणते. मला मात्र तिने माशांपासून दूर ठेवले. माझ्यात ती जंगलातला मध भरायची.

मध विकणारा दारात आला की ती आधी बोटावर थेंब घ्यायची.

"गुळाचा पाक त नाई ना रे?"

"नाई ना मावशी, पोळ्यातला आहे."

"पोळं तुह्या घरच्या चुलीवर होतं का?"

मग पाण्यात थेंब टाकून तो विरघळतो की बुडतो ते बघायची. बुडाला तरी तिचे तोंड वाकडेच. अशा बाईच्या घरात मी वाढले. संशय मी तिथेच शिकले.

पुढे नंदलालचे लग्न झाले आणि सुखवंता घरात आली. कमी बोलणारी, कामाला चपळ. एका वर्षी तिच्या मानेवर गाठ आली. आधी लाखोळीच्या दाण्याएवढी, मग बोराएवढी. संध्याकाळी अंगात कणकण असायची. मी फडताळातून बघत होते. तिच्या हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत वर सरकत होत्या. घरातल्या कुणाला ते दिसत नव्हते, की दिसूनही बोलत नव्हते, कोण जाणे.

शेवटी नंदलाल तिला एका छोट्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथले डॉक्टर म्हणाले, "गाठीचा तुकडा काढून गोंदियाला तपासायला पाठवू. बहुतेक क्षय असेल, पण बघितल्याशिवाय सांगता येत नाही." त्या दिवशी दवाखान्यातल्या नमुने ठेवायच्या डब्या संपल्या होत्या. तिथल्या नर्स सुशिलाबाई नंदलालला म्हणाल्या, "घरून एक रुंद तोंडाची बाटली घेऊन या, स्वच्छ धुतलेली."

नंदलालने घाईघाईत माझ्यातला मध पातेल्यात ओतला, मला धुतले आणि पिशवीत टाकले.

"माहीच बाटली भेटली का तुले?" रुख्माबाई ओरडली. तो निघूनही गेला होता.

सुशिलाबाईंनी माझ्यात पाण्यासारखे दिसणारे काहीतरी ओतले. दिसायला पाणी, पण वास असा की काचेलाही खोकला यावा. त्यात सुखवंताच्या गाठीचा तुकडा सोडला आणि झाकण लावले. "सांडू नका, हुंगू नका. उद्या सकाळी गोंदियाच्या लॅबमध्ये द्या," एवढेच त्या म्हणाल्या. ते पाणी कशासाठी आहे, हे कुणी सांगितले नाही आणि नंदलालने विचारले नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ इथेच आहे, असा मला अजूनही संशय आहे.

घरी आल्यावर नंदलालने मला चुलीजवळच्या फळीवर ठेवले. झाकण जुने. वास सुटला. संध्याकाळी रुख्माबाई भात टाकायला बसली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. तिने इकडेतिकडे पाहिले. कांदा चिरलेला नव्हता. मग तिची नजर माझ्यावर आली.

सुखवंता औषधाच्या गुंगीत झोपली होती. नंदलाल जाळी आवरायला तलावावर होता. रुख्माबाईने माझे झाकण काढले, आत डोकावली आणि झटकन मान मागे घेतली.

"अवो माय! असल्या जहरात पोरीचा तुकडा ठेवला? जळून जाईल ना तो. मंग काय पाहतीन ते?"

ती मला अंगणात घेऊन गेली. ते पाणी तिने लांब खड्ड्यात ओतले. मला राखेने घासले. तुकडा वाटीत घेऊन दोनदा धुतला, अगदी हळू हाताने, जणू त्याला दुखेल. मग माझ्यात माठातले पाणी भरले, मूठभर मीठ टाकले आणि वरून हळद. तुकडा आत सोडून झाकण लावताना ती पुटपुटली, "आता नाई सडत."

मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. पण काय ओरडणार होते? मलाही तेव्हा कळत नव्हते. उलट वास गेला म्हणून मला बरेच वाटले होते.

दुसऱ्या दिवशी एसटीने मी गोंदियाला आले. लॅबमधल्या डॉक्टर चेतना मॅडम चष्म्याच्या वरून बघतात. त्यांनी हातमोजे घालून माझे झाकण उघडले आणि थांबल्या.

"संजू, इकडे ये. डोळे चुरचुरतात का तुझे?"

संजू म्हणजे तिथला तंत्रज्ञ. तो वाकला. "नाही मॅडम. कुछ भी नहीं."

"मग हे फॉर्मेलिन नाही. आणि तुकडा पिवळा का आहे?"

"गाठच तशी असेल ना."

मॅडमनी तुकडा लगेच आपल्याकडच्या चुरचुरणाऱ्या औषधात टाकला. मला फेकून न देता त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. चौकशीला बोलावलेल्या माणसाला बाकावर बसवतात, तशी मी बसले. म्हणून पुढचे सगळे मी पाहिले.

शरीरातून निघालेला तुकडा लगेच सडायला लागतो. फॉर्मेलिन, म्हणजे ते चुरचुरणारे पाणी, त्याला होता तसा थांबवून धरते. मग तुकड्यातले पाणी काढून त्यात मेण भरतात. मेणाची वडी झाली की यंत्रावर तिचे इतके पातळ काप निघतात की फुंकर मारली तर उडून जातील. कोमट पाण्यावर तरंगणारा काप काचपट्टीवर घेतात आणि जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवतात. त्याशिवाय पेशी दिसत नाहीत. माणसाच्या आतले जवळजवळ सगळे रंगहीन असते, हे मला तिथे कळले.

काचपट्टी मायक्रोस्कोपखाली गेली. मॅडमनी डोळा लावला. पट्टी इकडे सरकव, तिकडे सरकव.

"सगळ्या पेशी मेलेल्या आहेत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे टीबी," संजू म्हणाला. "टीबीत गाठ आतून मरते ना. लिहून टाका मॅडम. इकडं मानेची गाठ बहुतेक टीबीचीच निघते. दवाखान्यातूनही दो बार फोन आला."

"टीबीने मेलेल्या जागेला जिवंत पेशी वेढा घालून बसतात. इथे वेढा दिसत नाही. कडेपासून मध्यापर्यंत सगळे सारखेच पुसट." मॅडमनी चष्मा काढला. "हे मरण तिच्या मानेतले आहे की बाटलीतले, ते मला सांगता येत नाही."

"गोळ्या तरी सुरू होतील."

"होतील. आणि टीबी नसला, तर सगळे जण गोळ्यांवर भरवसा ठेवून थांबतील. तिकडे गाठ वाढत राहील."

मी कट्ट्यावर होते. उत्तर माझ्या काचेला चिकटलेले होते. हळदीची एक पिवळी रेघ.

मॅडमनी नंदलालला बोलावले. तो आला तो चिडलेलाच.

"पुन्हा तुकडा पायजे मनता? काऊन? पहिला कुठं गेला?"

"पहिला इथेच आहे."

"मंग हरवला असन. नाईतर दुसऱ्याच्या तुकड्यात मिसळला असन. सरळ सांगा ना."

मला राग आला नाही. माझ्या मालकिणीचाच तो मुलगा. मॅडमनाही आला नसावा. त्यांनी मला उचलून त्याच्यासमोर ठेवले आणि झाकण काढले. "हुंगा."

नंदलालने नाक जवळ आणले. मग पुन्हा आणले. त्याचा चेहरा बदलला. हा वास त्याच्या अंगणात रोजच असतो. त्याने खिशातून फोन काढला. समोरचा आवाज इतका मोठा होता की मलाही स्वच्छ ऐकू आला.

"माय, बाटलीत काय टाकलं तू?"

"कोणत्या बाटलीत?"

"मधाच्या. गाठीच्या."

"मीठ टाकलं. अना हळद. काऊन?"

"औषध होतं ना त्यात!"

"कायचं औषध? डोळे फुटून राहिले होते माहे. पोरीचा तुकडा असल्या घाणीत ठेवू का मी? सडला असता त तूच मले बोलला असता."

संजूने हसू लपवायला तोंड फिरवले. नंदलालकडे पाहून त्याचे हसू तिथेच थांबले. नंदलाल भिंतीला टेकला होता.

"मॅडम, सुखवंताले कसं सांगू? मानेचा टाका अजून ओला आहे."

"मी सांगते," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनीच स्पीकर लावून सुखवंताला फोन केला. दवाखान्याच्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे तिच्या मानेच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक लहान गाठ होती, तिचा तुकडा घ्यायचा होता.

सुखवंताने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "पहिल्यांदा कापलं तवाही पक्कं कळन मनलं होतं. आता कळन, कशावरून?"

"बाटली मी इथून पाठवते, औषध भरून. आणि या वेळी काही दिसले, तरी मी आधी संशयच घेईन. चालेल?"

"चालन," एवढेच ती म्हणाली.

दुसरा तुकडा घेऊन नंदलाल आला नाही. रुख्माबाई आली. ती कधी एकटीने एसटीत बसत नाही. मॅडमनी पाठवलेली नवी प्लास्टिकची बरणी तिने पदरात दोन्ही हातांनी धरली होती. संजू घ्यायला गेला, तर त्याला दिली नाही.

"डाक्टरीन बाईच्या हातात देतो."

मॅडम आल्या. बरणी देण्याआधी रुख्माबाईने स्वतः झाकण किंचित वर केले आणि नाक जवळ नेले.

"अहो मावशी, नको!"

"पायतो ना. मधही पायतो मी." तिने डोळे घट्ट मिटले आणि झाकण दाबले. "हो. बरोबर आहे. हेच जहर."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. औषधाचे की आणखी कशाचे, ते मला कट्ट्यावरून कळले नाही. मॅडमनीही विचारले नाही. त्यांनी तिला पाणी दिले आणि बसवले.

या वेळी काचपट्टीवरचे रंग खणखणीत उमटले. मॅडम पट्टी सरकवत होत्या. एका जागी त्यांचा हात थांबला. त्यांनी संजूला बोलावले.

"बघ. मोठी पेशी, आत दोन केंद्रके."

संजूने डोळा लावला. "घुबडासारखं बघतंय, मॅडम."

"हो. हा टीबी नाही. हा गाठींचा कॅन्सर दिसतो. एक वेगळा रंग करून खात्री करायला वडी नागपूरला पाठवू. पण हा औषधाने बरा होऊ शकतो. लवकर सुरू केले तर."

नागपूरहून तेच उत्तर आले. मॅडमनी माय-लेकाला समोर बसवून सगळे सांगितले. नंदलाल ऐकत होता. रुख्माबाई मात्र मध्येच बोलली, अगदी खालच्या आवाजात. एवढा खालचा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"मी मीठ टाकलं, त्याच्यानं झाला का?"

"नाही मावशी. मीठ बाटलीत पडले. तिच्या अंगात नाही."

"खरं सांगा."

"खरं."

रुख्माबाईने त्यांच्याकडे मधवाल्याकडे बघायची तसे पाहिले. बराच वेळ. मग मान हलवली. जाताना तिला मी दिसले.

"ही माही बाटली होय ना?"

"हो, पण आता हिच्यात खायचे काही भरू नका. इथेच राहू द्या."

"राहू द्या," ती म्हणाली. "मले तिचं तोंड पाहू वाटत नाई." मला वाईट वाटले. मी तर फक्त धरून ठेवले होते, जे तिने दिले ते.

आता मी लॅबच्या कट्ट्यावर राहते. कुणी नमुना आणला की मॅडम मला पुढे करतात. "ही बघा, हिच्यात मीठ-हळद घातली होती," असे सांगतात. लोक हसतात. हसून झाल्यावर आपल्या पिशवीतली बरणी जरा सरळ धरतात, तेव्हा मला बरे वाटते.

परवा सुखवंता आली होती. नागपूरला तिचे औषध चालू आहे. डोक्याला ओढणी बांधलेली, भुवया विरळ. पण बांगड्या मनगटाजवळ होत्या. तिने मला उचलले, झाकण उघडले आणि हुंगले.

"अजून हळदीचा वास येते," ती म्हणाली आणि हसली. "मायले सांगतो, तुह्या बाटलीनं अजून गाव सोडलं नाई मनून."

"गाठ कशी आहे?" मॅडमनी विचारले.

"डाक्टर मनते, कमी होऊन राहिली."

मॅडम उठल्या. डॉक्टर म्हणतात एवढ्यावर त्यांचे भागले नाही. त्यांनी स्वतः बोटांनी तिची मान चाचपली, एक बाजू, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. मी कट्ट्यावरून त्यांचा चेहरा बघत होते. काही वेळाने त्यांनी हात काढला. "हो," त्या म्हणाल्या. "कमी आहे."

माझा अजून पूर्ण विश्वास नाही. तो मी सुखवंताच्या शेवटच्या तपासणीनंतर ठेवीन. तुम्हाला एकच विनंती करते. कुणी तुमच्या हातात चुरचुरणारी बरणी दिली, तर ते पाणी कशासाठी आहे हे आधी विचारा. कुणी नुसते "नेऊन द्या" म्हणाले, तर दारातून हलू नका. आणि घरी डोळ्यांना पाणी आले, तर येऊ द्या. झाकण मात्र उघडू नका.