दोनशे कोपरांचा निबंध

मॅडमनी फोरमनचा दंड टेबलावर दाबून धरला आणि त्याच्या मनगटावर अंगातलं सगळं बळ टाकलं. कोपर जेमतेम दोन अंश वाकलं. फोरमन गुरासारखा ओरडला आणि त्याने लाथेने शेजारची ट्रॉली उडवली. कात्र्या, पट्ट्या, बाटल्या फरशीभर झाल्या.

"जीव घेता का माझा?"

"अजून एकदाच. मग सोडते."

"आणि तू गं, बघत काय बसलीस? उचल ते!"

स्टुलावरची त्याची बायको उठली आणि गुडघे टेकून एकेक पट्टी गोळा करू लागली. नवरा एवढा बोंबलत होता, पण तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

जिन्यावरून पडून फोरमनचं उजवं कोपर निखळलं, त्याला महिना झाला होता. सांधा बसवला, पण हात काटकोनात अडकला तो अडकलाच. मॅडमची फिजिओथेरपीत बारा वर्षं गेली होती, तरी या कोपराने त्यांची इकडे आड तिकडे विहीर करून ठेवली. निम्मे शोधनिबंध म्हणत जोर लावा, निम्मे म्हणत हात लावाल तर खबरदार. निबंध शोधताना 'फक्त इंग्रजी' या चौकटीत आधी खूण करायची, ही त्यांची कॉलेजपासूनची सवय. परवा वैतागून त्यांनी ती खूण काढली आणि घबाड सापडलं. नेमक्या याच दुखण्याची दोनशे कोपरं, सक्ती केलेली आणि न केलेली, वर्षभर तपासलेली. फक्त निबंध परक्या भाषेतला, तीन पानांचा, जुना, पुसट. फोनमधल्या भाषांतराने त्याचं पार वाटोळं केलं. कॉलेजच्या ग्रंथपालांनी भाषांतर करून घेण्यासाठी दहा दिवस मागितले.

तेव्हा बायको पहिल्यांदाच आपणहून बोलली होती.

"मला दाखवा. मी त्याच देशात वाढले."

तिने तिन्ही पानं बोट फिरवत वाचली.

"जोर लावा म्हणतायत. रोज. माणूस ओरडला तरी थांबू नका, असं लिहिलंय."

मॅडमना हायसं वाटलं. घरचं माणूस कशाला खोटं सांगेल? त्या दिवसापासून त्यांनी कसूर म्हणून केली नाही.

दहाव्या दिवशी भाषांतर आलं. जोर लावलेल्या शंभरातली एकतीस कोपरं कायमची जाम झाली होती, कारण जोराने फाटलेल्या स्नायूत नवं हाड धरतं. मॅडमनी ताबडतोब फोरमनचा एक्स-रे काढायला लावला. कोपरापुढे कापसाच्या बोळ्यासारखी सावली होती, नव्या हाडाची सुरुवात. त्यांना बायकोचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण दाबणारे हात त्यांचेच होते. दुसरा फोटो हवा म्हणून त्यांनी फोरमनला एक्स-रेला परत पाठवलं, बायकोला थांबवलं आणि दार लावून घेतलं.

"का केलंत असं?"

बायकोने बाही वर सरकवली. दंडावर एक जुना पांढरट व्रण होता आणि एक काळानिळा वळ.

"हा त्याच्या उजव्या हाताचा. हा कालचा, डाव्याचा. डाव्याला अजून नेम नाही." ती बाहीकडेच बघत होती. "पडला त्या दिवशी जिन्यात मारायला धावला होता. मी बाजूला झाले."

"मला सांगायचंत."

"मग हात बरा केला नसतात?"

मॅडमना खोटं बोलवेना. "केला असता," त्या म्हणाल्या. "अजूनही करणार. सावली कोवळी आहे. जोर बंद, नुसती विश्रांती. सहा आठवडे इथेच दाखल होऊन."

"दाखल? असं त्यात कुठेच नाही. मी सगळं वाचलंय."

"तुमच्यासारखंच मलाही वाचता येतं."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "माझी बहीण लांब असते. तिच्याकडे पोचायला दोन दिवस लागतात."

दार ढकलून फोरमन आत आला. मॅडमनी त्याला दाखल व्हायला सांगितलं.

"सहा आठवडे? डोकं ठिकाणावर आहे का? कोण म्हणतं असं?"

"त्या निबंधात आहे."

फोरमनने बायकोकडे मान वळवली. "काय गं, खरंच लिहिलंय?"

"हो," बायको म्हणाली. "तिसऱ्या पानावर."