जर्दाळूच्या आठ बिया

जळालेल्या मोटरीत नवी तार भरताना आमचे उस्तो बोलत नाहीत. उस्तो म्हणजे कारागीर; सगळं गाव माझ्या नवऱ्याला तशीच हाक मारतं. एकतीस वर्षांचा संसार, पण हातात तांब्याची तार असली की मी म्हणजे भिंत. त्यांचंही खरं आहे म्हणा. वीज आली की तारेच्या कॉइली चुंबक होतात आणि आळीपाळीने ओढून मधलं लोखंड फिरवतात. एकीत वेढे कमी पडले की ओढ सारखी राहत नाही. मग मोटर नुसती घुरघुरते, तापते आणि जळते.

मागच्या आठवड्यात जळलीच. तीही इस्फाऱ्याच्या, म्हणजे आमच्या गावच्या, बागांना पाणी देणारी, ऐन जुलैत! ती भरताना उस्तोंची मोजणी चुकली होती आणि मला ते तेव्हाच कळलं होतं. पलीकडे जर्दाळू फोडत बसले की दर दहा वेढ्यांना मी एक बी बाजूला ठेवते. जुना चाळा आहे, त्यांना ठाऊक नव्हता. पण समोर चार म्हातारे बसलेले, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

आज पुन्हा तीच मोटर. ही जळली तर बागवाले मोटरी घेऊन शहरात जाणार आणि उस्तोंच्या दारात कुणी फिरकणार नाही.

मोजणी निम्म्यावर आली आणि पाणीवाटप बघणारे तोशमत अमाक, म्हणजे सगळ्या गावाचे काका, दारात हजर.

"अस्सलाम आलैकुम, उस्तो! तब्येत बरी? पोरं? सुना? गाय व्याली का?"

वडीलधाऱ्यांना बसल्या जागेवरून उत्तर द्यायची आमच्यात पद्धत नाही. उस्तो उठले, छातीवर हात ठेवून गायीपर्यंत सगळ्यांची खुशाली सांगितली आणि परत बसले.

"एक्क्याण्णव," म्हणत त्यांनी तार गुंडाळायच्या साच्याची मूठ धरली.

माझ्यापुढे आठ बिया होत्या आणि तीन बोटं दुमडलेली.

"अहो, त्र्याऐंशी झालेत. आता चौऱ्याऐंशीवा."

अमाक माझ्याकडे बघून खो खो हसले. "उस्तो, दुकान तुमचं की फरहोदच्या आईचं?"

उस्तोंचे कान लाल झाले. मी दाखवलेल्या बिया त्यांनी एक एक करून मोजल्या. मग "चौऱ्याऐंशी," म्हणाले आणि मूठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी पाटात पाणी खळाळलं. घरी येताच त्यांनी विचारलं, "फरहोदची आई, मागच्या वेळीही मोजत होतीस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत तुमची मान खाली गेली असती."

"आणि मोटर जळली तेव्हा काय वर होती?"

मला रडूच फुटलं. त्यांनी माझी जर्दाळूची परात उचलली आणि आपल्या बाकाशेजारी नेऊन ठेवली.