पदराच्या गाठीतला सोडा

शेलूबाजारात जिजाबाईची हळद घ्यायची म्हणजे आधी तिचं भाषण ऐकून घ्यावं लागे. हळद घरच्या वाडीतली. तीच शिजवणार, तीच वाळवणार, दळायला समोर उभीही तीच राहणार. पोत्याच्या तोंडाशी मांडी ठोकून ती गिऱ्हाइकाला बजावायची, "घ्या नाईतर नका घेऊ, पन भेसळ म्हनू नका." शेजारी तिचा नवरा पंजाबराव वांगी-मिरच्या घेऊन मुकाट बसे. त्याला बोलायचं नसायचं असं नाही, पण त्याची पाळी यायला हवी ना.

आता अशा बाईपुढे, भर बाजारात, कुणी ओलं लाल धोतर आणून आदळलं तर काय होईल?

धनीबाईनं आदळलं. धनीबाई म्हणजे कुणी परकी नव्हे. एकाच गल्लीतली, जिजाबाईची जुनी मैत्रीण. तिच्या राजपालचं लग्न तोंडावर आलेलं. त्यांच्या घरची चाल अशी, की नवरदेवाचं कोरं धोतर आईनं आपल्या हातानं हळदीत पिवळं करायचं. धनीबाईनं हळद जिजाबाईकडून नेली, धोतर बुडवलं, वर काढलं, तर ते विटकरी लाल, मध्ये मध्ये डाग पडलेलं.

"हे पाह्य. याले हळद म्हनतं तू? काय कालवलं वं हिच्यात? माह्या पोराच्या धोतराची काय गत केली."

"तोंड सांभाळ, धने," जिजाबाई म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण हळद घ्यायला उभ्या असलेल्या गिऱ्हाइक बाईनं हातातली पुडी हळूच पोत्यावर ठेवली आणि ती पुढच्या दुकानाकडे सरकली, तेव्हा रागाखाली दबलेली भीती वर आली. बोलण्यानं कमावलेलं नाव बोलण्यानंच जातं, हे जिजाबाईला पक्कं ठाऊक होतं. धोतर उचलून धनीबाई तरातरा निघून गेली. जाता जाता चार जणींना तिनं ते दाखवलंच.

घरी येऊन जिजाबाईनं पहिलं काम काय केलं असेल, तर आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच हळदीत बुडवला. पिवळाधमक निघाला.

"पाह्य, सायली," ती लेकीला म्हणाली. "पन धनी म्हनन, घरची येगळी, बाजारची येगळी. तिले कोन समजावन?"

सायली अमरावतीला रसायनशास्त्र शिकत होती, राजपालच्या लग्नासाठी म्हणून आलेली. ती तिथं काय करते हे जिजाबाई गावात मोठ्या ठेक्यात सांगे, "काचेचे धागे करते माही पोरगी." त्या धाग्यांचं पुढे काय होतं, कुणी विचारलं की मात्र तिला चुलीवरचं दूध आठवे.

सायलीनं विचारलं, "आई, धनीमावशीनं कोऱ्या धोतराची खळ कशानं काढली असन?"

"कशानं म्हंजे? धुन्याच्या सोड्यानं. तिची टापटीप तुले माईत नाई का? नवं कापड रातभर सोड्यात ठेवते, तवा तिले झोप लागते."

"अन् मंग चांगलं खंगाळलं?"

जिजाबाईनं धनीचं घर डोळ्यापुढे आणलं. लग्नघरी माणसांची गर्दी, पाण्याची ओढ. कोण खंगाळतंय?

सायलीनं पिवळ्या तुकड्यातला एक धागा ओढून काढला, वाटीत चिमूटभर सोडा विरघळवला आणि धागा आत सोडला. धागा बघता बघता लाल झाला. मग तिनं त्यावर लिंबू पिळलं. वाटीत जरा फेस आला आणि धागा परत पिवळा.

"आमी हेच करतो वं आई. काचेची तार केसावानी बारीक असते. तिच्या टोकाले असाच रंग लावतो, अन् तिच्यातून उजेड सोडतो. टोक पान्यात बुडवलं, की रंग बदलते अन् उजेडासंगं खबर परत येते. पान्यात खार हाय का आंबट हाय, हे तार सांगते."

जिजाबाईचं तारेकडे लक्षच नव्हतं. ती वाटीकडे बघत होती. एकाएकी ती उठली, पंजाबरावाच्या खिशातून तंबाखूच्या चुन्याची डबी काढली, तळहातावर हळद घेतली आणि बोटभर चुना घालून अंगठ्यानं मळली. तळहात लालभडक झाला.

"कुंकू," ती म्हणाली. "माही सासू असंच करे. आपुन सारे विकतचं लावाले लागलो अन् इसरून गेलो." आणि ती हसायला लागली, डोळ्याला पदर लावून हसत राहिली.

"हळद जितकी चोख, तितकी लाली चढते," सायली म्हणाली. तेवढं पुरे होतं. लिंबं ओच्यात आणि लेक संगं घेऊन जिजाबाई धनीबाईच्या मांडवात शिरली.

धनीबाई तोंड फुगवून बसली होती. जिजाबाईनं तिच्यापुढे तळहात धरला. "हे काय हाय?"

"कुंकू."

"तुही माय कशाचं करत होती?"

धनीबाईनं तो तळहात जवळ ओढून पाहिला. मग हळूच म्हणाली, "हळदीचं."

सायलीनं बादलीत लिंबं पिळली. आंबट पाण्यात धोतर पुन्हा पिवळं झालं, तसा धनीबाईचा जीव भांड्यात पडला. ती जिजाबाईला चहा करायला उठली, पण जिजाबाई बसली नाही.

"बाजारात बोलली तू. बाजारातच सांग."

"पाहू," धनीबाई म्हणाली. हार मानायची सवय तिलाही नव्हती.

लग्न झालं. जिजाबाईनं राजपालला हळद लावली, जेवली, सुखानं मिरवली. तरी आत काटा होताच. पुढच्या बाजारी तो चांगलाच टोचला. बाया यायच्या, हळद चिमटीत धरून बघायच्या आणि सोडून द्यायच्या. भाषण तोंडाशी येई, पण ती पोत्याचं तोंडच सारखं करत बसे. पंजाबरावानं न विचारता तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

दुपारी धनीबाई आली. पोत्यापुढे उकिडवी बसली, पदराची गाठ सोडली. गाठीत सोडा होता. तळहातावर चिमूटभर हळद, चिमूटभर सोडा, वर तांब्यातलं थोडं पाणी. मग लाल झालेला हात तिनं असा उंच धरला, की लसणाच्या दुकानापर्यंत दिसावा.

"पाहून घ्या वं बायानो. असली हळद सोड्यानं लाल होते. धोतर म्याच सोड्यात भिजवलं होतं, धड खंगाळलं नाई, अन् नाव हिचं घेतलं. जिजा, आर्धा किलो दे."

जिजाबाईनं तराजू उचलला, हळद घातली आणि पारडं खाली टेकल्यावरही आणखी एक ओंजळ टाकली.

"जास्त कायले टाकून राह्यली?"

"कुंकवाले. घरी करत जाय. इसरली होती तू."

"तू बी इसरलीच होती," धनीबाई म्हणाली आणि पुडी मांडीत घेऊन तिच्या शेजारी अंथरलेल्या पोत्यावर बसली. मागून एका बाईनं हात पुढे केला होता. तिलाही चिमूटभर सोडा हवा होता.